बाबा बुटीबोरीला जाऊन राहिले

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. बाकीच्या महाराष्ट्रातली मुलं दोन-दोन धडे शिकून मोकळी होतात, तेव्हा आम्ही नागपूरकर अजून कूलरसमोर बसून नव्या पुस्तकांना कव्हरं घालत असतो. मी सातवीत गेले त्या वर्षी हे काम बाबांनी माझ्या हातून काढून घेतलं. त्याआधी ते गांधीबागेत कापडाच्या एका दुकानात होते आणि नुकतेच बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत लागले होते. तिथून त्यांनी खाकी कागदाचा मोठा गुंडाळा आणला, सक्करदऱ्याच्या आमच्या पुढच्या खोलीत पसरला आणि एकेक पुस्तक बांधायला घेतलं. बांधण्यापेक्षा वाचणंच जास्त चाललं होतं.

"माही सातवी अर्धीच राह्यली हाय," ते म्हणाले. "औंदा तुयासंगं पुरी करून टाकतो."

आई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "करा. पण कव्हरं आधी पुरी करा."

बाबांची शाळा सातवीत दिवाळीनंतर सुटली होती. का सुटली ते कधी सांगायचे नाहीत. विचारलं की "सुटली तं सुटली" एवढंच. गिरणीतून मिळालेल्या डायरीच्या पहिल्या पानावर त्यांनी मोठ्या अक्षरात 'इयत्ता सातवी' लिहिलं आणि खाली रेघ मारली. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. माणसांना लवकर निकालात काढायची खोड मला तेव्हाही होतीच.

पण खूळ टिकलं. बाबांची पहिली पाळी असायची. पहाटे कंपनीची बस चौकातून त्यांना घेऊन जायची आणि दुपारी चारच्या सुमाराला आणून सोडायची. मीही तेवढ्यातच शाळेतून यायची. चहा झाला की बाबा दप्तर माझ्याआधी उघडायचे आणि विचारायचे, "काय शिकवलं आज?" मी कुरकुरत सांगायची. दिवसभर शाळेत बसून आल्यावर पुन्हा घरी शाळा कुणाला हवी असते?

तरी खरं सांगायचं तर सातवी मला समजली ती त्या चहानंतरच्या तासाभरात. विज्ञानात स्थितिक विद्युत होती. सरांनी कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले आणि धडा संपवला. बाबा म्हणाले की त्यांच्या खात्यात हवा कोरडी पडली की सूत एकमेकांना चिकटतं, हातावरचे केस उभे राहतात, म्हणून दिवसभर आत दमट हवा सोडतात. भूगोलात भरती-ओहोटी आली. समुद्र आमच्या घरात कुणीच पाहिला नव्हता. बाबा मला तलावावर घेऊन गेले, काठावर एक दगड ठेवला आणि तासाने पाहिलं तर पाणी होतं तिथंच होतं. "आपल्याकडे नाही येत," असं त्यांनी डायरीत लिहून टाकलं. नागरिकशास्त्रात उद्देशिका पाठ करायची होती, ती बाबांना लहानपणी विहारात शिकल्यापासून तोंडपाठ होती. मी एका शब्दावर अडखळले की ते मागून पुढचे तीन सांगायचे.

गणिताशी मात्र त्यांचं वाजलं. व्यस्तचलनाचं उदाहरण होतं: आठ मजूर एक काम बारा दिवसांत करतात, तर सोळा मजूर किती दिवसांत करतील? मी सहा लिहिलं. बाबा मान हलवत राहिले.

"सोळा माणसं एका मशीनवर उभी केली तं सहा नाही, सोळा दिवस लागतील. नुसते गोठी करतील. तुया सराले इचारलं पाह्यजे."

हे विचारायचं त्यांनी मनावर घेतलं. डायरीत त्या उदाहरणापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं आणि सरांना भेटेपर्यंत ते तसंच ठेवलं.

आता माझ्याबद्दल. मी वर्गात असून नसल्यासारखी होते. चौथ्या बाकावर, खिडकीपासूनही लांब. ना हुशार, ना वांड. शिक्षकांना माझं नाव आठवायला हजेरीपट बघावा लागायचा. मला मोठ्याने वाचायला फार आवडायचं, पण धडा वाचायला कायम पहिल्या बाकावरच्या मुलींना उठवायचे. याची मला मनापासून चीड होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

त्या वर्षी मराठीला नव्या बाई आल्या, साताऱ्याकडच्या. आमच्याकडे सगळ्या मॅडम असतात. यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला बाई म्हणा. पहिला निबंध दिला 'माझे कुटुंब'.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या बोलीत मले, तुले, घरले असं चालतं. पण हे कागदावर चालत नाही, हे नागपूरच्या पोराला पहिलीपासून माहीत असतं. लिहायला बसलं की आम्ही सगळ्या 'ले'चे 'ला' करतो आणि झाली शुद्ध मराठी, असं समजून मोकळे होतो. आमचं आणखीही काही वेगळं आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं. मी निबंध लिहायला बसले तेव्हा पावणेचार वाजले होते, आई मशीनवर होती, बाबांची बस यायची होती. जे समोर होतं तेच लिहिलं:

'माझे बाबा आधी गांधीबागेत होते. आता ते बुटीबोरीला जाऊन राहिले. आई घरी शिवणकाम करून राहिली. मी आणि आई बाबांची वाट पाहून राहिलो. मी सातवीचा अभ्यास करून राहिली.'

एकही 'ले' नव्हता. मी दोनदा तपासलं होतं.

वही परत आली ती दहापैकी आठ मार्क घेऊन. एवढे मार्क मला निबंधात कधी पडले नव्हते. चूक एकच काढली होती, शेवटच्या वाक्यात 'मी राहिली' खोडून वर लाल शाईत 'राहिले' लिहिलं होतं. सहा वर्षं 'ले' पुसत आलेल्या मला बाईंनी स्वतःच्या हाताने एक 'ले' लिहून दिला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चौथ्या बाकावरून उठवून पहिल्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "आजपासून धडा तू वाचायचास."

तिथून माझे दिवस पालटले. मी रोज वाचत होते, कविता, धडा, खालच्या टीपासुद्धा. मधल्या सुट्टीत बाई डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्या डब्यात घालायच्या. भूगोलाच्या मॅडमनी पृथ्वीचा गोल माझ्या हातात द्यायला सुरुवात केली. गणिताचे सर माझ्यावर ओरडेनासे झाले. विज्ञानाच्या तासाला मी दमट हवेचं सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला हे?" मी म्हटलं, "बाबांनी." सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. उद्देशिका मी न अडखळता म्हटली, बाबांनी शिकवली असंही सांगितलं, तर दारात उभ्या असलेल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, आपण अखेर सगळ्यांना आवडायला लागलो. स्वतःबद्दल चांगलं काही पटवून घ्यायला मला वेळ लागत नाही.

उलगडा झाला तो दिवाळीच्या सुट्टीआधी. परीक्षा संपली होती. बाईंनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावून चकल्यांचा पुडा हातात दिला.

"आईला दे. एकटीनं सगळं ओढायचं म्हणजे सणाचं काही करवत नाही गं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "दिवाळीला तरी येतील का बाबा?"

माझ्या निबंधातलं एकेक वाक्य डोळ्यांपुढून गेलं. ते बुटीबोरीला जाऊन राहिले. आई घरी राहिली. आम्ही वाट पाहून राहिलो. आमच्याकडे 'जाऊन राहिले' म्हणजे जात आहेत, 'करून राहिली' म्हणजे करते आहे. बाईंच्या साताऱ्यात त्याचा अर्थ होत होता की माझे बाबा आम्हाला टाकून बुटीबोरीला जाऊन राहिले आहेत. आणि बाईंनी ते साऱ्या शाळेला सांगितलं होतं.

एका वाक्याचं काम होतं. 'बाई, ते तर रोज चार वाजता येतात.' पण ते वाक्य बोललं की पहिला बाक गेला, थालीपीठ गेलं आणि धडा वाचणं गेलं. मी पुन्हा चौथ्या बाकावर. मी म्हटलं, "येतील."

खोटं नव्हतं. बाबा दिवाळीला येणारच होते, ते रोजच येत होते. घरी जाईपर्यंत मी स्वतःला हेच ऐकवत होते. त्या पुड्यातल्या सहा चकल्या बाबांनीच खाल्ल्या. "तुया बाईचा हात चांगला हाय," ते म्हणाले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

सुट्टीनंतर पालकसभेची चिठ्ठी आली. बाबा पावसाळ्यापासून तिची वाट पाहत होते. आजवर सभेला आईच जायची, कारण गांधीबागेत सुट्टी मिळायची नाही. गिरणीत पाळी बदलून घेता येत होती. त्यांना शाळा बघायची होती, बाक बघायचे होते आणि सरांना सोळा मजुरांबद्दल विचारायचं होतं. मी चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकाच्या खाकी कव्हरात सरकवली. सभा कधी आहे असं त्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी "औंदा नाही वाटते" म्हणाले. हे मात्र खोटं होतं, सरळ सरळ. आईलाही काही कळू दिलं नाही. सभेला घरून कुणीच आलं नाही तरी बाईंना त्याचं कारण आपोआप सुचेल, एवढा हिशेब मी केला होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात केवढं काय काय मावतं.

सभेच्या शनिवारी मी वर्गाच्या दारात पालकांना फुलं द्यायला उभी होते. ते कामही बाईंनीच दिलं होतं. आणि फाटकातून बाबा आले. लग्नकार्याला घालतात तो निळा शर्ट, भांग पाडलेला, हातात ती डायरी. माझ्या हातातली फुलं खाली पडायची बाकी होती.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"बसमधल्या एकानं सांगितलं," ते म्हणाले, आणि आत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थोडे अवघडल्यासारखे वाटले, पण मी मानलं की शाळेत आल्यामुळे असेल.

बाई टेबलापाशी होत्या. बाबांनी माझं नाव सांगून नमस्कार केला, म्हणाले, "मला जरा उशीर झाला." ते 'मला' म्हणाले. मी कानांवर विश्वास ठेवायला तयार नव्हते. घरी, बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे 'मले' म्हणणारा माणूस.

बाईंचा चेहरा कडक झाला. "आलात तुम्ही. बरं झालं. किती दिवस आहात?"

"म्हणजे?"

"म्हणजे मुलीजवळ किती दिवस राहणार आहात?"

बाबा गोंधळले. मग एकेक शब्द जपून ठेवल्यासारखे बोलले, "मी तर घरीच आहे, बाई. बुटीबोरीला रोज सकाळी जाऊन राहिलो, रोज दुपारी येऊन राहिलो."

बाईंनी गठ्ठ्यातून माझी वही काढली, ते पान उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बाबांनी ते सावकाश वाचलं. "बरोबरच लिहिलं आहे पोरीनं," ते म्हणाले. दोघं एकमेकांकडे बघत उभे. शेजारच्या टेबलावर गणिताचे सर होते, ते मूळचे वर्ध्याचे. त्यांनी मान वाकवून वही वाचली आणि असे हसायला लागले की त्यांचा चष्मा खाली आला.

"अहो बाई, जाऊन राहिले म्हणजे जात आहेत. आमचं असंच असते. ते तर रोज येऊन राहिले की."

बाईंना समजायला तेवढाच वेळ लागला जेवढा मला दिवाळीआधी लागला होता. त्या कपाळाला हात लावून खुर्चीत बसल्या आणि हसल्या, मग बाबांची तीनदा माफी मागितली. बाबाही हसत होते. त्यांनी लगेच डायरी उघडून सरांना सोळा मजुरांचं विचारून घेतलं. सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पुस्तकातले मजूर गप्पा मारत नाहीत, एवढाच फरक." बाबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि प्रश्नचिन्ह खोडलं.

हसता हसता बाईंची नजर माझ्याकडे आली आणि थांबली. 'दिवाळीला येतील का?' 'येतील.' त्यांना ते आठवलं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाबांसमोर एक शब्द बोलल्या नाहीत. सोमवारी मी न सांगता दप्तर उचलून चौथ्या बाकावर जाऊन बसले. बाईंनी हजेरी घेतली, मग म्हणाल्या, "तिथून आवाज पोचणार नाही. पुढे ये आणि धडा काढ. तू चांगलं वाचतेस, म्हणून वाचायला सांगते." मी पुढे गेले. पहिल्या दोन ओळी काय वाचल्या ते मला आजही आठवत नाही.

प्रकरण मिटलं असं मी धरून चालले. वर्ष चांगलं गेलं. वर्तुळं आली, अपूर्णांक आले, ऋतू कसे होतात ते आलं. हिंदीचा अभ्यास नागपुरात वेगळा करावा लागत नाही, तो रस्त्यावरच होतो. इंग्रजीत बाबा माझ्यापेक्षा मागे राहिले आणि त्याबद्दल चिडत राहिले. एप्रिलमध्ये माझी वार्षिक परीक्षा संपली, तेव्हा त्यांनी सगळ्या प्रश्नपत्रिका माझ्याकडून मागून घेतल्या. आठवडाभर रोज दुपारी एक पेपर, घड्याळ समोर ठेवून, पुस्तक बंद. तपासायचं काम माझ्याकडे. मी नवं लाल पेन घेऊन बाईंच्या थाटात बसायची आणि आई दोघांना हसायची.

शेवटी मराठीचा पेपर राहिला होता. निबंधाला तीन विषय होते, त्यातला बाबांनी 'माझ्या आठवणीतला दिवस' घेतला. सभेच्या दिवसाबद्दल लिहिलं होतं. शाळेची इमारत, बाक, सरांचं उत्तर. मी चुका शोधत पुढे गेले आणि तिसऱ्या परिच्छेदात थांबले.

'भूगोलाचं कव्हर सैल झालं होतं म्हणून मी काढलं, तर आत चिठ्ठी होती. मुलीनं ती दडवली होती. मला समजलं की तिला माझ्या बोलण्याची लाज वाटते. सगळ्या शिक्षकांसमोर तिचा बाप मले तुले करेल, असं तिला वाटलं असेल. मला वाईट वाटलं पण राग नाही आला. मला शाळा पाहायची होती, म्हणून मी गेलो. बसमध्ये मी मला, तुला, आम्हाला असा अभ्यास केला. त्या दिवशी मी एकही ले येऊ दिला नाही. मुलीला खाली पाहावं लागलं नाही, याचा मला आनंद आहे.'

बाबा समोर बसून निकालाची वाट पाहत होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे. पाच महिने हा माणूस हे मनात घेऊन माझ्यासोबत रोज चहा पीत होता, ऋतू आणि वर्तुळं शिकत होता. मी रडत रडत सगळं सांगितलं. चकल्या, थालीपीठ, पहिला बाक, दिवाळीला येतील म्हणाले ते, काही मागे ठेवलं नाही. आईने मशीन थांबवलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "म्हंजे माह्या बोलण्याची लाज नोती तुले?"

"नव्हती."

"बाईनं पुढं बसवलं होतं, म्हणून दडवली?"

"हौ."

ते आईकडे पाहून म्हणाले, "ऐकलं काय वं? मी तं बेकारच बसमध्ये इतका अभ्यास केला." आणि हसायला लागले. डोळे पुसत होते आणि हसत होते. मग त्यांनी माझ्यापुढचा पेपर ओढून घेतला.

"खोडरबर दे."

निबंध त्यांनी पेन्सिलने लिहिला होता. पहिल्या ओळीपासून त्यांनी सुरुवात केली. 'मला'तला 'ला' पुसायचा, फुंकर मारायची, 'ले' लिहायचा. तुले. आम्हाले. मुलीले. एकही सोडला नाही. त्यांचं सगळं पुरं होईपर्यंत मी थांबले आणि मग लाल पेनने दहापैकी दहा दिले.